हळदीआधीच पिवळा

माझ्या साखरपुड्याला मी हजर होतो, पण जागा नव्हतो.

याला पुरावा आहे म्हणून सांगतोय, नाहीतर मी सहजासहजी कबूल होणाऱ्यातला नाही. व्हिडिओ शूटिंगवाल्याने अगदी जवळून घेतलंय. स्टेजवर लाल खुर्ची, खुर्चीत सुटाबुटातला मी, मान खांद्यावर, तोंड अर्धवट उघडं. मनीषा, म्हणजे माझी होणारी बायको, अंगठी घेऊन उभी. तिने माझं बोट धरून अंगठी चढवली आणि मी झोपेतच ओरडलो, "येऊ दे, येऊ दे, मागे येऊ दे... बस!" (शूटिंगवाल्याने नेमक्या त्याच ठिकाणी गुलाबाच्या पाकळ्या पाडल्यात.)

त्यात माझा दोष नव्हता हो! मी काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर होतो आणि ड्युटी कायमची रात्रपाळीची. रात्रभर ट्रक मागे घ्यायचे, माल उतरवायचा, आणि सकाळी टेमघरला घरी येऊन झोपायचं. झोपायचं म्हणजे काय, तर उशीवर डोकं ठेवायचं. पलीकडे लूमचा कारखाना खडखड खडखड करत असायचा, अलीकडे आई बोंबीलवालीशी भांडत असायची, आणि मधल्या वेळात जो येईल तो विचारायचा, "जग्या झोपलाय काय?" मग मी उठून सांगायचो, "हो, झोपलोय."

पण मनीषाच्या वडिलांना हे कोण सांगणार? त्यांनी साखरपुड्यावरून घरी जाताना गाडीतच विषय काढला. "पोरगा पितो काय गं?" मनीषा म्हणाली, "पीत नाहीत बाबा, दमलेले असतात. मी सांगते ना!" दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला.

"मी बाबांना शब्द दिलाय. हळदीला आणि लग्नाला तुम्ही टवटवीत दिसलात नाही, तर माझं नाक कापलं जाईल."

"दिसणार! एकदम टवटवीत दिसणार!"

"कसे?"

आता 'कसे' याचं उत्तर माझ्याकडे असतं, तर मी साखरपुड्यातच जागा राहिलो नसतो? पण मुलगी माझ्या बाजूने बापाशी भांडली होती. मला ती त्या क्षणी इतकी आवडली, की तिच्यासाठी मी वाट्टेल ते गिळायला तयार होतो. आणि पुढचा पंधरवडा मी तेच केलं.

गिळायला देणारा माणूस घरातलाच होता. माझ्या ज्योतीताईचा नवरा, आमचे भावोजी. त्या काळात ती माणसाला माणूस जोडायच्या साखळीवाल्या कंपन्यांची लाट आली होती ना, त्यात भावोजी गळ्यापर्यंत उतरले होते. टाय लावून फिरायचे. (मे महिन्यात! भिवंडीत!) कुणी नुसतं 'कसं काय' विचारलं तरी गोळ्यांची बॅग उघडायचे. मी तर स्वतःहून म्हणालो, "भावोजी, अंगात दम नाही आणि झोप येत नाही."

भावोजींचे डोळे भरून आले. असं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं.

"जगू, तुला मिनरल कमी पडलेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कमी पडलेत!" त्यांनी बाटल्या मांडल्या. हिरव्या झाकणाची बी-कॉम्प्लेक्स, ही ताकदीची. पांढऱ्या झाकणाची मॅग्नेशियमची, ही झोपेची. शिवाय लोहाची एक, झिंकची एक, आणि एक कसली होती ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण "तीच मेन आहे" म्हणाले. "हिरवी सकाळी नाश्त्यानंतर, पांढरी रात्री जेवणानंतर. विषय संपला."

"पण भावोजी, माझी सकाळ कधी धरायची? मी सकाळी झोपतो."

"सकाळ म्हणजे सकाळ! सूर्य काय तुझ्या शिफ्टप्रमाणे उगवतो?"

मला पटलं. हीच माझी खोड आहे, टाय लावलेल्या माणसाचं मला लगेच पटतं. तेव्हा मी सकाळी ड्युटीवरून येऊन चहा-चपाती खायचो, ताकदीची गोळी घ्यायचो आणि आढ्याकडे बघत टक्क पडून राहायचो. रात्री जेवून झोपेची गोळी घ्यायचो आणि ड्युटीवर जायचो! तिथे कापडाच्या गाठींवर टेकलो की संपलं. गोळ्यांनीच व्हायचं की माझ्या मनाने घेतलं होतं ते देव जाणे, पण एक ट्रकवाला मला चाळीसगावचा माल समजून उचलायला आला होता.

भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "डोस कमी पडतोय." मग डोस वाढवला.

आणि एका पहाटे, ड्युटी सुटायच्या वेळेला, गोदामाच्या मागच्या भिंतीशी उभा होतो. शेजारी एक यूपीचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. जरा वेळाने तो खाली बघून दचकला आणि म्हणाला, "सुपरवायझर साब, बुरा मत मानना, पर आपको तो पीलिया है!"

"काय? कसं काय? तुमको कैसे पता?"

"अरे दिख रहा है साब! अंधेरे में भी दिख रहा है!"

मी खाली बघितलं. खरंच हो! असा पिवळा धमक रंग मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. (आधीच्या गोळ्या होत्याच, त्यात हा एक.) कावीळ! आणि लग्न तोंडावर!

घरी येऊन आईला सांगितलं. आईने मला दारात उन्हात उभं केलं आणि पापण्या ओढून बघितल्या. जागरणाने माझे डोळे लाल भडक होते, पण आईने त्यातूनही पिवळं शोधून काढलं. "डोले बग कसं पिवले झालंन! काविल हाय ही, काविल! आता मी काय करू गो बाय!"

आमच्याकडे काविळीची परीक्षा घरीच होते. त्या पाण्यात पांढऱ्या कापडाची चिंधी बुडवायची आणि वाळवायची, पिवळी झाली की कावीळ. बाकी कशाचा असेल, पण भिवंडीत पांढऱ्या कापडाला काय तोटा! आईने शेजारच्या लूमवरून कोऱ्या कापडाचा हातभर तुकडा आणला. बुडवला, वळणीवर टाकला. वाळल्यावर तो असा झळकायला लागला, की डाईंगमध्ये कामाला असलेला आमचा शेजारी रघू रस्त्यातच थांबला. त्याने कापड चिमटीत धरलं, चोळलं, उन्हात धरलं.

"काकी, कनच्या डाईंगचा माल हाय? रंग बेस लागलाय. जानार न्हाय हा."

आईने हंबरडा फोडला. रघूला सगळं कळल्यावर तो हात धुवायला जो पळाला, तो दोन दिवस दिसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोळ्या बंद केल्यास ना? छे! कावीळ म्हणजे अशक्तपणा. अशक्तपणा म्हणजे भावोजी. त्यांनी बातमी ऐकल्या ऐकल्या मला दुप्पट बी-कॉम्प्लेक्स सांगितली. मीही जीव खाऊन गिळली. चिंधी दुसऱ्या दिवशी आणखी पिवळी! मग मी आणखी घाबरलो, आणखी गोळी घेतली, आणखी पिवळा झालो. रोगही माझ्या खिशात होता आणि औषधही माझ्या खिशात होतं, आणि दोन्ही एकाच बाटलीत, हे माझ्या ध्यानात येईल तर शपथ!

रविवारी आई मला शेलार गावाच्या पुढच्या एका पाड्यावर घेऊन गेली. तिथे एक बाबा कावीळ उतरवायचा. त्याने माझे हात चुन्याच्या पाण्यात बुडवून कसला तरी पाला चोळला. पाणी पिवळं झालं. आई हात जोडून म्हणाली, "निंगाली, निंगाली!" बाबा म्हणाला, "तेल बंद, मासली बंद, मटान बंद, हलद बंद. लाह्या खावाच्या, उसाचा रस प्यावाचा." मी विचारलं, "आणि उद्या परत पिवळं आलं तर?" बाबा म्हणाला, "तर आतलं भाइर येतंय समजाचं." म्हणजे बाबा कुठल्याही बाजूने सापडणाऱ्यातला नव्हता. भावोजींनी त्याला कंपनीत घ्यायला हवं होतं.

मग काय! घरात लग्नाची गडबड, परसात चुली लागलेल्या, पाहुणे येऊन सुकटीवर आणि मटणावर ताव मारतायत, आणि नवरदेव कोपऱ्यात कोंबडीसारखा लाह्या टिपतोय. जो येईल तो माझी पापणी ओढून जायचा. वळणीवर रोजची एक चिंधी वाढत होती.

आणि अशात हिरामावशी आली. हिरामावशी म्हणजे आमची धवलारीण. आमच्या लोकांत लग्न लागतं भटजीच्या मंत्रांनी, पण होतं धवलारणीच्या शब्दाने. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणार, तिच्या हाताने पहिली हळद लागणार, तिच्यापुढे बापाचं चालत नाही. तिने वळणीकडे बघितलं.

"ही तोरना आतापासून कशाला बांधलीव?"

"तोरना न्हाईत गो," आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "जग्याची काविल हाय ती."

हिरामावशी मटकन ओट्यावर बसली. "काविल? न तुम्ही हलदीची तयारी करतांव? काविलीच्या अंगाला कवा हलद लावतान काय? न त्याची उष्टी हलद त्या पोरीला? मी न्हाय म्हनाची धवला. सांगून ठेवतंय!"

इथे खरी मेख होती. नवऱ्याला लावून उरलेली हळद, ती उष्टी हळद, वाजतगाजत नवरीकडे जाते आणि तीच नवरीला लावतात. माझ्या अंगाची हळद म्हणजे मनीषाच्या अंगाला माझी कावीळ! आणि हिरामावशी नवरीकडचीही धवलारीण. त्यामुळे बातमी पोचायला मध्ये फक्त रिक्षाचं अंतर होतं. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन.

"जगदीशराव, ऐकतोय ते खरं काय?"

"नाही म्हणजे... थोडीशीच आहे."

"साखरपुड्यात झोपलात, पोरगी बोलली दमलाय, आम्ही गप बसलो. आता हे! तुमची हळद माझ्या पोरीला लागायची नाही. लग्नाचं आपण दिवाळीनंतर बघू."

फोन ठेवला. 'दिवाळीनंतर बघू' याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. दिवाळीनंतर कोणी काही बघत नसतं. मी लाह्यांचं ताट बाजूला सारलं आणि खरं सांगतो, मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. मनीषाने माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि मी तिला बापासमोर तोंडघशी पाडलं होतं. बरं, तिला फोन करायचीही सोय नाही. ती कामाला होती भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, तिला काय सांगू? 'माझा रंग विचारू नकोस' म्हणून?

शेवटी मी ठरवलं, खरी तपासणी करून घ्यायची. पण गुपचूप! मनीषाच्या लॅबच्या वाटेलाही जायचं नाही. टेमघरच्या कोपऱ्यावर एका खोलीत एक बाई नमुने गोळा करायच्या, तिथे गेलो. आणि नाव सांगितलं बापाचं. गणपत, वय बासष्ट.

बाईंनी बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं. "कधी पाहिजे रिपोर्ट?"

"उद्या द्या. हळदीच्या आधी पाहिजे."

"बासष्ट वय ना? हळद कोणाची?"

"त्यांचीच. म्हणजे त्यांच्या मुलाची. म्हणजे माझी," असं म्हणून मी घाम पुसत बाहेर पडलो.

मला काय ठाऊक, की त्या बाई नमुने नुसते गोळा करतात, आणि तपासायला पाठवतात थेट मनीषाच्या लॅबमध्ये!

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल वाजला. मनीषा.

"तुमच्या बाबांचा रिपोर्ट आलाय," ती अगदी लॅबच्या आवाजात म्हणाली.

माझ्या हातातल्या लाह्या सांडल्या. "बा... बाबांचा? कुठला रिपोर्ट?"

"लघवीचा. मीच तपासला. कावीळ नाहीये त्यांना. काहीही झालेलं नाही."

"नाही? मग ते... तो रंग?"

"तेच विचारायचं होतं. तुमचे बाबा बी-कॉम्प्लेक्स घेतात का?"

"घेतात थोडी. म्हणजे मूठभर."

"तो रंग गोळ्यांचाच आहे. अंगाला लागतात त्याहून जास्त घेतल्या की बाहेरच पडणार ना! बाबांना सांगा, आजपासून बंद करा. उद्यापर्यंत पाणी साफ होईल."

"सांगतो."

"आणि बाबांना म्हणावं, लग्न ठरलेल्या माणसाने डॉक्टरला न विचारता असलं काही खाऊ नये."

"सांगतो हां."

"आणि खोटं नाव द्यायचं तर खाली मोबाईल नंबर स्वतःचा देऊ नये, हेही सांगा बाबांना."

पलीकडून आधी फुस्स असा आवाज आला आणि मग ती जी हसत सुटली, ती तिच्या मॅडमनी ओरडेपर्यंत. मला एवढी लाज वाटली आणि एवढं हलकं वाटलं, की मी जाऊन आधी एक तळलेला बोंबील खाल्ला.

मग कोपऱ्यावरच्या बाईंकडून रिपोर्ट आणला आणि ओसरीवर उभा राहून मोठ्याने जाहीर केलं, "मला कावीळ नाही! गोळ्यांचा रंग आहे तो! रिपोर्ट आहे!"

कोणी विश्वास ठेवेल तर ना! वडिलांनी रिपोर्ट हातात घेतला, स्वतःचं नाव वाचलं आणि विचारलं, "मंग मला काय झालंय?" त्यांना समजावण्यातच अर्धा तास गेला. आई म्हणाली, "गोलीनं कोन पिवला होतं काय? बाबाच्या पान्यानं उतरली, तू गप बस." आणि भावोजी तर चिडून लाल झाले. कंपनीच्या मालावर आळ! "माझ्या गोळ्यांनी माणूस पिवळा होतो? हे बघा!" असं म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत हिरव्या झाकणाची बाटली तळहातावर उपडी केली, मूठभर गोळ्या तोंडात टाकल्या आणि टाय नीट करत वर तांब्याभर पाणी प्यायले. "आता उद्या मलाही लावा चिंधी!"

हळदीच्या दिवशी सकाळी हिरामावशीच्या समोर दोन चिंध्या वळणीवर पडल्या. माझी पांढरी स्वच्छ. भावोजींची अशी पिवळी, की रघूसुद्धा लांबूनच "वा!" म्हणाला.

मी विजयाने सगळ्यांकडे बघितलं. आता तरी पटलं ना? आईने दोन्ही चिंध्या नीट बघितल्या, गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आग्गो बाय! जग्याची उतरली ती जावयाव चरली!"

"अहो सासूबाई, ते गोळ्यांचं..." भावोजी ओरडायला लागले, आणि मध्येच थांबले. 'गोळ्यांचं आहे' म्हणावं तर कंपनी खोटी पडते, आणि नाही म्हणावं तर कावीळ पदरात पडते! त्यांनी बराच विचार केला आणि कावीळ पत्करली. लगेच हिरामावशीने फर्मान काढलं, "जावयाला मागल्या खोलीत बसवा. हलदीला हात लावाचा न्हाय. मटान द्यावाचा न्हाय." ज्योतीताईने निमूटपणे लाह्यांचं ताट नवऱ्यापुढे सरकवलं. आख्ख्या आळीत मटणाचा वास सुटलेला, बेंजो वाजतोय, आणि टाय लावलेला माणूस खिडकीतून उसाचा रस पीत बघतोय. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, फार नाही वाटलं.

तिकडे मनीषाने वडिलांना ठणकावून सांगितलं होतं, "तपासणी मी केलीय. माझ्यावर विश्वास आहे की नाही?" सासऱ्यांनी मान डोलावली. संध्याकाळी हिरामावशीने धवला धरला, पहिलं बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. मग काय, आत्या, काक्या, माम्या नुसत्या तुटून पडल्या! नखशिखांत पिवळा झालो, आणि या वेळी मात्र एकही बाई रडली नाही.

उरलेली हळद वाटीत घालून ज्योतीताई करवली म्हणून वाजतगाजत मनीषाकडे गेली. मी इकडे जीव मुठीत धरून बसलेलो. सासऱ्यांनी आयत्या वेळी काही काढलं तर? बऱ्याच वेळाने ताई परत आली ती पोट धरून हसतच.

"काय झालं गं? लावली ना हळद?"

"लावली रे बाबा, लावली. पण आधी तिने वाटी हातात घेतली. बोटभर हळद घेऊन ट्यूबलाइटखाली धरली. मग वास घेतला. आणि सगळ्या बायका कान टवकारून बसलेल्या असताना मला विचारते, 'ताई, ही नक्की हळदच आहे ना?'"

ताईने म्हणे तिथल्या तिथे देवाची शपथ घेतली. ताई म्हणून घेतली हो! मला विचारलं असतं, तर माझ्या अंगावरून आलेल्या पिवळ्या रंगाची हमी मीसुद्धा दिली नसती.